बायकोच्या दोन्ही बाजूंचे स्वल्पविराम

इंग्रजी वाक्यात स्वल्पविराम कुठे द्यायचा आणि कुठे नाही, हे शिकवून मी पोट भरते. तेही इंदापुरात, जिथे माणूस एकदा बोलायला लागला की पूर्णविरामाचीसुद्धा पंचाईत असते. माझ्या ज्युनियर कॉलेजातली मुलं पेपरच्या पहिल्या पानावर मिसळीवर शेव टाकावी तसे स्वल्पविराम टाकतात. दुसऱ्या पानापर्यंत शेव संपलेली असते. तरीही दर वर्षी एक धडा मी मन लावून शिकवते, तो 'हू'च्या आजूबाजूच्या स्वल्पविरामांचा.

नियम सोपा आहे. एखाद्या माणसाचा उल्लेख केला आणि 'हू' लावून त्याच्याबद्दल आणखी काही सांगितलं, तर एक प्रश्न विचारायचा. हे जास्तीचं काढून टाकलं तरी माणूस कोण ते कळतं का? कळत असेल, तर त्या जास्तीच्या शब्दांच्या दोन्ही बाजूंना स्वल्पविराम. कळत नसेल, म्हणजे 'कुठला रे?' असं विचारावं लागत असेल, तर स्वल्पविराम नाही. मराठीत हे काम भुवया करतात, त्यामुळे आपल्याला कधी चिन्हांची गरज पडली नाही.

एका वर्षी मी फळ्यावर उदाहरण लिहिलं, 'माय हजबंड, हू वर्क्स इन बारामती, कम्स होम लेट.' मागच्या बाकावरून एका मुलीनं विचारलं, "मॅडम, ती दोन्ही चिन्हं पुसली तर काय हुईल?"

मी म्हटलं, "मग बारामतीतला नवरा उशिरा येतो, एवढाच अर्थ राहील. भिगवणचा आणि टेंभुर्णीचा वेळेवर येत असतील."

नियम वर्गाला किती समजला कोण जाणे, उदाहरण मात्र दुपारपर्यंत एसटी स्टँडवर पोहोचलं होतं. दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये गणिताच्या सरांनी अगदी सरळ चेहऱ्यानं विचारलं, "मॅडम, आज मुक्काम बारामती का भिगवण?"

मला नवरा एकच आहे. तो बारामतीच्या एमआयडीसीत नोकरी करतो. आम्ही दोघं तिथंच राहतो, मी एसटीनं इंदापूरला ये-जा करते, आणि सुट्टी आली की दोघंही सासरच्या शेतावर जातो. शेत इंदापूर आणि बावड्याच्या मधे आहे. तिथं सासरे, म्हणजे आबा, सासूबाई, थोरले दीर आणि जाऊबाई असतात. केळीची बाग आहे. आजूबाजूच्या शेतकऱ्यांनी गट करून माल खोक्यांत भरायला एक छोटं पॅकहाऊस उभारलंय, ते आमच्याच बांधावर, आणि आबा त्या गटाचे अध्यक्ष आहेत. अध्यक्ष झाल्यापासून आबा घरात चहासुद्धा 'सर्वांच्या वतीनं' मागतात.

मागच्या हिवाळ्यात परदेशातले दोन व्यापारी बाग बघायला येणार असं ठरलं. आता आपल्याकडे फ्लेक्स लावल्याशिवाय माणूस धड म्हातारासुद्धा होत नाही, तिथं परदेशी पाहुणे म्हणजे फ्लेक्स आलाच. रविवारी सकाळी आबांनी मला पडवीत बोलावलं.

"सूनबाई, बोर्ड इंग्लिशमधी पायजे. अन् ते शाळेतलं पातळ इंग्लिश नको. जरा घट्ट लिव्ह."

मी लॅपटॉप उघडला. आबा हात मागं बांधून येरझाऱ्या घालत मराठीत सांगणार आणि मी इंग्रजीत उतरवणार, असा कार्यक्रम सुरू झाला. सासूबाई खांबाला टेकून मेथी निवडत होत्या. जाऊबाई त्यांच्या शेजारी लसूण सोलत होत्या, म्हणजे हात लसणावर आणि कान आमच्याकडे.

स्वागत झालं, गटाची माहिती झाली, पाणी कुठून येतं ते झालं. मग आबा म्हणाले, "लिव्ह, ह्यो बोर्ड माझ्या सुनंनं लिवला, जी कालिजात इंग्लिश शिकवती."

मी लिहिलं, आणि सवयीनं मोठ्यानं म्हटलं, "इथं स्वल्पविराम येणार नाहीत."

जाऊबाईंचा हात थांबला. "का गं? तुझ्या नावाला दोन टिकल्या कमी पडल्या व्हय?"

"ताई, तुम्ही आहात म्हणून देत नाही. आबांना सुना दोन. मग नुसतं सून म्हटल्यावर कोण ते कळत नाही, इंग्रजी शिकवणारी असं सांगावंच लागतं. तिथं टिकल्या दिल्या तर आबांना सून एकच आहे असा अर्थ होतो."

"म्हंजे मी न्हाईच?"

"इंग्रजीत नाही."

त्यांनी दोन पाकळ्या सोलेपर्यंत विचार केला आणि सांगितलं, "मग नको दिऊ. मी हाय."

आबांना मात्र ही गोष्ट फार आवडली. एवढ्याशा शेपटीच्या ठिपक्यात माणूस ठेवायची आणि काढायची सोय असेल तर ती ग्रामपंचायतीच्या मतदार यादीत का नाही, असं त्यांनी विचारलं. मग ते पुन्हा फिरायला लागले, आणि आधीपेक्षा खालच्या आवाजात म्हणाले, "आता लिव्ह, की हितली पहिली केळ माझ्या बायकोनं लावली."

बोर्डावर 'माझ्या' म्हणजे अध्यक्षांच्या, म्हणून मी लिहिलं, 'हिज वाइफ, हू प्लांटेड द फर्स्ट बनानाज हिअर,' आणि दोन्ही बाजूंना छान स्वल्पविराम दिले. बायको एक. शंकेला जागा नाही. लिहिता लिहिता सासूबाईंकडे बघून म्हटलंसुद्धा, "आई, तुमच्या दोन्ही बाजूंना दिलेत हो, तुम्ही एकट्याच आहात."

सासूबाई मेथीच्या जुडीतून मान वर न करता म्हणाल्या, "ती मी न्हाय."

जाऊबाईंनी माझ्याकडे डोळे मोठे करून पाहिलं, म्हणजे आता तूच केलंस, तूच निस्तर.

आबांचं आधी एक लग्न झालं होतं, हे मला माहीत होतं. सगळ्या गावाला माहीत होतं. थोरले दीर त्या पहिल्या बाईंचे. ते रांगत होते तेव्हा ती बाई काविळीनं गेली, आणि मग सासूबाई या घरात आल्या. पण हे मला लग्नाच्या वेळी नवऱ्यानं एकदा सांगितलं तेवढंच. त्यानंतर इतक्या वर्षांत त्या घरात तिचा विषय मी कधी ऐकला नव्हता. भांडणातसुद्धा नाही. आमच्या घरात भांडणात निघत नाही असा विषय दुसरा नाही.

मी म्हटलं, "मग स्वल्पविराम काढावे लागतील."

"काढल्यावर काय हुतं?" आबांनी विचारलं.

"ज्या बायकोनं केळ लावली ती बायको, असा अर्थ होतो. म्हणजे आणखीही आहे."

आबा थबकले. "म्हंजे बोर्ड वाचून पावणं म्हणणार, ह्या म्हाताऱ्यानं बायका केल्यात किती."

"दोन तर केल्या," सासूबाई म्हणाल्या.

"ती वळच नको," आबा म्हणाले. " काढून टाक. केळ लावली, एवढंच लिव्ह. कुणी लावली त्यांना काय करायचंय?"

मी बोट डिलीटच्या बटणावर नेलं. घरातला तंटा मिटवायला इंग्रजीचा एवढा उपयोग झाला तरी पुष्कळ, असा माझा विचार होता.

"ऱ्हाऊ दे ती वळ," सासूबाई म्हणाल्या. जुडी बाजूला ठेवून त्यांनी पदरानं हात पुसले. "मी आले तवा बाग उभी व्हती. सगळं रान उसाचं, अन् मधी तिची केळ. बावड्यास्नं, म्हायेरास्नं लावायला केळीचं मुनवं आणलं व्हतं तिनं. लोकं हसली म्हणं, की उसाच्या मुलखात ही बाई केळ लावती. ती गेली, अन् मी आल्यावर पहिला घड उतरला. सगळी म्हणली, नवी नवरी पायगुणाची. मी नवी व्हते, काय बोलणार? गप बसले. तवापास्नं हितं जो यील तो मलाच म्हणतो, तुमी लावली व्हय बाग. आता बोर्डावरबी तसंच लागायला नको."

"तुला कोण इचारायला आलंय?" आबा म्हणाले, पण आवाजात अध्यक्ष नव्हता.

"त्या टिकल्या काढ," सासूबाईंनी मला सांगितलं. "दोघी व्हतो, दोघी दिसू दे."

मी स्वल्पविराम काढले. वाक्य पुरं केलं, 'हिज वाइफ हू प्लांटेड द फर्स्ट बनानाज हिअर डाइड यंग.' आबांनी ते मला दोनदा वाचायला लावलं, मग चपला घालून मोटर बघायला निघून गेले. मोटर चालू नव्हती. लाईटच नव्हती.

मजकूर मी व्हॉट्सअॅपवर इंदापूरच्या फ्लेक्सवाल्याला पाठवला. पाहुणे पुढच्या शनिवारी सकाळी येणार होते. शुक्रवारी कॉलेज सुटल्यावर मी फ्लेक्स घ्यायला गेले, तर त्यानं गुंडाळी उलगडून अभिमानानं दाखवली. केळीचे घड, उगवता सूर्य, कोपऱ्यात हात जोडलेले आबा, आणि मधे माझं इंग्रजी. मी वाचलं आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचलं.

सुनेच्या दोन्ही बाजूंना स्वल्पविराम होते. बायकोच्याही.

"हे कुणी घातले?"

"मी, मॅडम. मधी लईच मोकळं दिसत व्हतं. अन् 'हू' आलं की आधी एक अन् नंतर एक कॉमा पडतो ना."

"हे कुणी शिकवलं तुला?"

तो लाजला. "तुमीच, मॅडम. बारावीला. ते तुमच्या मिस्टरांचं वाक्य व्हतं बघा, बारामतीत काम करतात ते."

मी त्याला नवा छापून दे म्हटलं. त्यानं आतल्या खोलीकडे बोट केलं. मशीनमधून एका पुढाऱ्याचा चेहरा हळूहळू बाहेर येत होता, हनुवटीपर्यंत आला होता. पुढाऱ्याचा वाढदिवस दुसऱ्याच दिवशी होता आणि तालुक्यात तो चेहरा जिथं जिथं लागायचा होता, ती गावं तोंडपाठ म्हणून दाखवून फ्लेक्सवाला म्हणाला, "रविवारपत्तूर मशीन मोकळं न्हाय."

गुंडाळी बगलेत धरून मी बावड्याच्या एसटीत बसले. वाटेत ठरवलं की गप्प बसायचं. घरात कुणाला कळणार नव्हतं, पाहुण्यांना काही पडलेली नसणार. पण मास्तरकीचा धंदा वाईट. अंगणात फ्लेक्स पसरला, थोरले दीर बागेत होते, बाकी सगळे भोवती जमले, आणि जाऊबाईंनी विचारलं, "बरोबर हाय ना सगळं?" तेव्हा माझ्या तोंडून 'नाही' निघालंच.

"काय चुकलं?" आबा म्हणाले.

मी सांगितलं. या बोर्डाप्रमाणे आबांना सून एकच, ती म्हणजे मी. आणि बायको एकच, ती केळ लावून तरुणपणीच वारली.

आबा खाली वाकून आपल्या फोटोकडे बघत राहिले. जाऊबाईंनी हिशेब लावला. "म्हंजे आत्याबाई मेल्या, अन् मी तर जन्मालाच आले न्हाय."

"मग आजचा सैपाक कोण करतंय?" असं म्हणून सासूबाई हसायला लागल्या. त्या सहसा हसत नाहीत. हसल्या की खोकला येतो, आणि मग खोकत खोकत हसतात. त्यांचं बघून जाऊबाई, मग मी. आबा तेवढे गंभीर होते, कारण त्यांच्यापुढं प्रश्न उद्या सकाळचा होता.

उपाय जाऊबाईंनी काढला. पॅकहाऊसमध्ये केळ्यांवर लावायच्या गोल स्टिकरची रिळं पडलेली असतात. त्यातलं एक त्या घेऊन आल्या, मला म्हणाल्या, "कुठं कुठं हाय ते दाव," आणि मी बोट ठेवीन तिथं स्टिकर लावत गेल्या. स्वतःच्या जागी लावताना त्यांनी अंगठ्यानं चांगलं दाबून बसवलं. मग हात बसल्यावर त्यांना थांबवणं अवघड झालं. पहिल्याच ओळीतल्या एका निर्दोष स्वल्पविरामावरही त्यांनी स्टिकर मारला, वर म्हणाल्या, "असू दे, शोभा येती."

सकाळी पाहुणे आले. एक उंच, उन्हानं लाल झालेला माणूस आणि त्याच्याबरोबर एक मध्यम वयाची बाई. दोघांचंही इंग्रजी माझ्यासारखंच उसनं होतं, फक्त दुसऱ्या दुकानातून आणलेलं. आबांनी टोपी घातली होती. थोरले दीर त्यांना बाग दाखवून आणून पॅकहाऊसपाशी घेऊन आले. सासूबाईंनी चहा आणला. लाल माणूस खोकी बघत बसला, पण बाई कप हातात घेऊन फ्लेक्ससमोर उभी राहिली आणि वाचायला लागली. आपल्याकडे फ्लेक्स कुणी वाचत नाही, फोटो बघतात. ही बाई पहिल्या ओळीपासून वाचत होती. स्टिकर आले की क्षणभर थांबायची आणि पुढे जायची.

त्या ओळीपाशी आल्यावर तिनं वळून सासूबाईंकडे पाहिलं, मग आबांकडे. "युअर वाइफ हू प्लांटेड... अँड धिस लेडी?"

आबांना 'लेडी' कळलं. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "धिस, सेकंड," ते म्हणाले, आणि लगेच आपण काहीतरी कमी बोललो असं वाटून त्यांनी भर घातली, "बट फर्स्ट क्लास."

ती बाई हसली. मीही हसले. सासूबाईंनी मला कोपरानं ढोसून विचारलं, "काय म्हणलं हे?" मी नंतर सांगते म्हटलं.

मग त्या बाईनं हळू आवाजात विचारलं, "व्हॉट वॉज हर नेम? द फर्स्ट वन."

हे आबांना कळलं, कारण 'नेम' कुणालाही कळतं. ते तोंड उघडून तसेच उभे राहिले. मला वाटलं आठवत नसेल, पण तसं नव्हतं, ओठ हलत होते. थोरले दीर खोक्यांच्या थप्पीपाशी उभे होते, त्यांनी चिकटपट्टीचा गोळा हातात धरला होता. सासूबाईंनी पुन्हा मला विचारलं, "काय इचारती गं ती?"

"त्यांचं नाव विचारतात. पहिल्या आईंचं."

सासूबाईंनी आबांकडे पाहिलं, आणि मग त्यांनीच ते नाव सांगितलं. माहेरच्या आडनावासकट, स्पष्ट, हजेरी दिल्यासारखं. परदेशी बाईनं ते दोनदा म्हणून बघितलं. दुसऱ्यांदा बऱ्यापैकी जमलं.

पाहुणे दुपारी गेले. पुढं त्यांनी आमच्या गटाचा माल थोडाच नेला, आबांनी गावात सांगितला त्याच्या मानानं फारच थोडा. पण नेला.

संध्याकाळी मी फ्लेक्स उतरवायला गेले तर थोरले दीर त्याच्यासमोर होते. त्यांचं आणि इंग्रजीचं दहावीतच फाटलेलं. मला बघून ते जरा बाजूला सरकले आणि म्हणाले, "आईची वळ कंची?"

मी बोट ठेवून दाखवली. वाचली, मराठीत सांगितली. त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, "तिनं लावलीवती हे मला ठावंच न्हवतं. मला वाटलं, ह्या आईनं."

"तुम्हाला कुणीच नाही सांगितलं?"

"मी इचारलंच न्हाय. ह्या आईला वाईट वाटंल म्हणून." फ्लेक्सचा कोपरा ताणून धरत म्हणाले, "हितंच ऱ्हाऊ दे बोर्ड. नगा काढू."

रात्री जेवताना मी सासूबाईंना आबांचं इंग्रजी सांगितलं. सेकंड म्हणजे दुसरी, हे त्यांना ठाऊक होतं. फर्स्ट क्लास कळल्यावर त्यांनी आबांच्या ताटात न मागता आणखी एक भाकरी टाकली आणि "खावा आता," एवढंच म्हणाल्या.

नंतरच्या रविवारी त्या दिरांना म्हणाल्या, "गाडी काढ, बावड्याला जाऊन यू." पहिल्या बाईंचं माहेर तिथं. एवढ्या जवळ असून या घरातून तिकडे कुणी गेलं नव्हतं आणि तिकडूनही कुणी आलं नव्हतं. कुणाचं कुणाशी भांडण नव्हतं. आधी कुणी जायचं, एवढ्यावर अडलं होतं. जाऊबाईंनी ओटीचं सामान बांधून दिलं, आबा आपल्याला काम आहे म्हणून मोटरकडे गेले, आणि सासूबाई मोटरसायकलवर दिरांच्या मागं एका बाजूला बसून निघाल्या.

दिवस मावळता दोघं परत आली. दीर सरळ गोठ्याकडे गेले. डोळे लाल होते, ते धूळ गेली म्हणाले. सासूबाई पडवीत बसल्या, पाणी मागितलं, आणि तक्रार सुरू केली. चहा नुसता पाक होता. गाडी सगळ्या खड्ड्यांतून नेली. आणि त्या घरात दिरांचा मामा आहे, म्हातारा, तो जेवल्याशिवाय सोडीना. नको म्हटलं की ऐकूच येत नसल्यासारखं करतो, हो म्हटलं तर आणखी वाढतो, आणि दुसऱ्याचं खरं कधी म्हणून करत नाही.

"इतकी वरसं मी ह्या पोराला म्हणत आले, हट्टाला तू बापावर गेलास," त्या म्हणाल्या. "आता कळलं कुणावर गेलाय ते. पुढच्या महिन्यात यायला सांगितलंय मामाला. बघू दोघांत कोण कुणाचं ऐकतंय."